वाचकांचे प्रश्न : बालीतील मास गाव आणि तिथले काष्ठशिल्पी

बालीतील कारागिरांच्या गावांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. बहुतेक वाचकांनी गावाचे नाव न घेता 'कारागिरांचे गाव' असे मोघम लिहिले असल्यामुळे आम्ही लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेले मास हे गाव समोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. बालीच्या गियान्यार जिल्ह्यात, उबुदच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर हे गाव आहे.

प्रश्न : आमच्या सहल कंपनीच्या कार्यक्रमात एका दिवसात दगडाचे गाव, चांदीचे गाव, चित्रांचे गाव, लाकडाचे गाव आणि दुपारनंतर ज्वालामुखीचे दर्शन असे सगळे आहे. यातून कारागिरी खरोखर पाहायला मिळते का? (एक वाचक, नाशिक)

फारच थोडी. कंपनीला हा कार्यक्रम सोयीचा का वाटतो ते आधी सांगतो. देनपासारहून उबुदकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर बातुबुलान, चेलुक, सुकावती, बातुआन आणि मास ही गावे जवळजवळ एकापाठोपाठ येतात. बातुबुलानमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, 'पारास' नावाचा मऊ दगड कोरतात, चेलुकमध्ये सोन्याचांदीचे काम होते, सुकावतीत मोठा बाजार भरतो, बातुआन चित्रांसाठी ओळखले जाते आणि मास लाकडासाठी. गाडी एकाच रस्त्याने जात असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटे थांबणे सोपे जाते. मात्र तेवढ्या वेळात प्रवासी दाराशी मांडून ठेवलेले दोन-तीन कारागीर पाहतो आणि उरलेला वेळ आतल्या विक्रीच्या दालनात घालवतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की पाच गावांऐवजी एक गाव निवडावे आणि त्या गावातही एकाच कार्यशाळेत निदान अर्धा दिवस बसावे. लाकूडकाम हे टप्प्याटप्प्याने उलगडणारे काम आहे, आणि वीस मिनिटांत फक्त एकच टप्पा दिसतो. मासमधील कारागीर बहुधा जमिनीवर मांडी घालून बसतो आणि लाकडाचा ओंडका पायांच्या तळव्यांमध्ये धरून फिरवत राहतो. मेज किंवा शिकंजा असलाच तर तो मोठ्या कामासाठी असतो. आधी वाकसाने नको असलेला भाग तासून काढतात आणि अंगस्थितीचा ढोबळ आकार आणतात. मूर्तीचा तोल या टप्प्यावर ठरतो, त्यामुळे हे काम अनेक ठिकाणी घरातला सर्वांत अनुभवी माणूस करतो. मग सरळ आणि गोल पटाश्या येतात, लाकडी हातोड्याचे घाव हळूहळू हलके होत जातात, आणि चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या यांच्यापर्यंत काम आले की हातोडा बाजूला ठेवून केवळ मनगटाच्या जोरावर छोट्या सुरीने कोरणे सुरू होते. शेवटी पॉलिश पेपरने घासणे आणि रंगहीन मेण चोळून चकाकी आणणे हे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. पाहुणा ज्या झळाळीवर भाळतो ती या शेवटच्या हातांची असते, आणि तरीही विक्रीच्या दालनात त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. त्यांच्याजवळही थोडा वेळ बसा.

कंपनी कार्यक्रम बदलायला तयार नसेल तर एक दिवस स्वतःसाठी मोकळा ठेवून उबुदहून गाडी करावी. वाटेत आणखी काही पाहायचेच असेल तर बातुआनचे पुरा पुसेह हे मंदिर पाहावे. तेथील शिलालेख शके ९४४ चा, म्हणजे इ.स. १०२२ चा आहे, आणि दारावरचे दगडी कोरीवकाम पाहिले की पुढे मासमध्ये लाकडात दिसणारी वळणे कुठून आली ते डोळ्यांना आपोआप कळते.

प्रश्न : आमच्या सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा यांची परंपरा आहे, पण ती टिकवताना फार ओढाताण होते. मासमध्ये ही कला इतकी कशी टिकली? तिला राजाश्रय होता का? (एक वाचक भगिनी, सावंतवाडी)

राजाश्रय होता, पण तो तुटला, आणि तुटल्यानंतर काय झाले यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मासची परंपरा सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या दांग ह्यांग निरार्थ या पुरोहितापर्यंत नेऊन जोडली जाते. मजापहित साम्राज्याचा अस्त होत असताना ते बालीत आले आणि काही काळ मासमध्ये राहिले, असे परंपरा सांगते. त्यांच्या वास्तव्याच्या जागी आज पुरा तामान पुले हे मंदिर आहे. गावातील अनेक नामवंत काष्ठशिल्पी स्वतःला त्यांच्या वंशातील ब्राह्मण मानतात. नावाच्या सुरुवातीचे 'इदा बागुस' हे बिरुद त्याची खूण आहे. त्या काळी कोरीवकाम मंदिरासाठी आणि राजवाड्यासाठी होत असे. दारे, खांब, मंचक, देवतांची वाहने आणि मुखवटे रंगवलेले आणि सोन्याच्या वर्खाने मढवलेले असत. आज मासची ओळख बनलेले बिनरंगाचे, लाकडाचा स्वतःचा पोत दाखवणारे शिल्प त्या काळात जवळजवळ नव्हतेच.

डच सैन्याने १९०६ मध्ये बादुंग आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंग येथील राजघराण्यांचा शेवट केला. दोन्ही ठिकाणी राजा, राण्या आणि दरबारी शुभ्र वस्त्रे नेसून शस्त्रांसमोर चालत गेले आणि मारले गेले. त्यानंतर दरबारांची पूर्वीची ताकद उरली नाही आणि कारागिरांचे मोठे ग्राहक गेले. विसाच्या दशकात बोटीने येणारे पाश्चात्त्य प्रवासी वाढले, आणि त्यांना नेता येईल अशा सुट्या, लहान, बिनरंगी मूर्तींची मागणी निर्माण झाली. मागणीबरोबर घाईचे, हलके कामही आले. त्याला आवर घालण्यासाठी १९३६ मध्ये उबुद येथे 'पिता महा' ही कलाकारांची संस्था स्थापन झाली. उबुदच्या राजघराण्यातील चोकोर्दा गडे आगुंग सुकावती, थोर शिल्पकार आणि चित्रकार गुस्ती न्योमान लेंपाड, आणि बालीत स्थायिक झालेले वाल्टर श्पीस व रुडॉल्फ बोनेट हे युरोपीय चित्रकार तिच्या मुळाशी होते. सदस्यांनी आणलेले काम एकत्र बसून पारखायचे, चांगले तेवढेच प्रदर्शनासाठी आणि विक्रीसाठी पुढे पाठवायचे, अशी तिची पद्धत होती. युद्धाच्या काळात संस्था संपली, पण निवड करण्याची सवय कारागिरांमध्ये राहिली.

मासचे इदा बागुस न्याना (१९१२ ते १९८५) त्याच पिढीचे होते. त्यांनी आधी सडपातळ, लांबवलेल्या आकृती कोरल्या आणि पुढे तपशील कमी करत जवळजवळ गोल, मिटून बसलेल्या, जड आकृतींपर्यंत ते पोहोचले. त्यांचे पुत्र इदा बागुस तिलेम (१९३६ ते १९९३) यांनी लाकडाच्या गाठी, पिळ आणि मुळांची वेडीवाकडी वळणे दोष न मानता त्यांतूनच माणसाचे दुःख, चिंता, ध्यान बाहेर काढले. पिता-पुत्रांचे काम गावातच न्याना-तिलेम संग्रहालयात पाहायला मिळते, आणि माझी आग्रहाची विनंती आहे की कोणत्याही दुकानात शिरण्याआधी तेथे जावे. एकदा ते काम डोळ्यांत बसले की नंतर दिसणाऱ्या शंभर मूर्तींपैकी कोणत्या पाचांत जीव आहे ते ओळखायला फार वेळ लागत नाही. उबुदचे पुरी लुकिसान हे १९५६ मध्ये सुरू झालेले संग्रहालयही त्या काळातील शिल्पांसाठी पाहावे.

आता सावंतवाडीकडे येतो. आपल्याकडे भोसले घराण्याने राजवाड्यात गंजिफा आणि लाखकामाला पुन्हा जागा दिली नसती तर ती कला आज पाहायलाही मिळाली नसती, हे आपण जाणताच. मात्र बालीला आणखी एक मोठा आधार आहे. तिथे प्रत्येक गावात किमान तीन मुख्य मंदिरे असतात, प्रत्येक घराला स्वतःचे देवघर असते, आणि ही सगळी बांधकामे दमट हवेत झिजत असल्यामुळे वारंवार दुरुस्त करावी लागतात. त्यामुळे पर्यटक येवोत न येवोत, कोरणाऱ्या हाताला गावातच काम असते. २००२ आणि २००५ चे बॉम्बस्फोट आणि त्यानंतर २०२० मध्ये साथीमुळे बंद झालेले पर्यटन, या तिन्ही वेळी विक्रीची दालने ओस पडली, अनेकांनी शेती धरली, पण मंदिराचे काम थांबले नाही. मला वाटते, आपल्याकडच्या खेळण्यांनाही बाजाराबरोबर घरातल्या एखाद्या सणाशी, एखाद्या विधीशी जोडलेली मागणी मिळाली तर तिचा आधार अनुदानापेक्षा जास्त टिकेल.

प्रश्न : मूर्ती कोणत्या लाकडाची आहे हे कसे ओळखावे? विक्रेते सगळ्यालाच चंदन किंवा आबनूस म्हणतात, असे ऐकले. (एक वाचक, कोल्हापूर)

मासमध्ये वापरली जाणारी बरीच झाडे मराठी माणसाच्या ओळखीची आहेत, हे पाहून आपल्याला आनंद होईल.

मुखवट्यांसाठी वापरले जाणारे 'पुले' म्हणजे आपली सप्तपर्णी, कोकणातली सातवीण. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिच्या उग्र वासाने काही लोक वैतागतात तीच. तिचे लाकूड फिकट, वजनाला हलके आणि मऊ असते, सहज तडकत नाही, त्यामुळे तासभर चेहऱ्यावर बांधून नाचायच्या मुखवट्याला ते योग्य ठरते. दुसरे झाड 'पांगाल बुआया'. त्याच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे टोकदार उंचवटे असतात, म्हणून पर्यटकांना ते 'मगरीचे लाकूड' म्हणून विकतात. हे आपले तिरफळ आहे. मालवणी घरात बांगड्याच्या आमटीत ज्याची फळे पडतात तेच. त्याचे लाकूड मलईच्या रंगाचे, बारीक पोताचे असते आणि त्यात चेहऱ्याचे नाजूक काम फार सुंदर उतरते. 'सुआर' म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष. त्यात आतला गाभा तपकिरी आणि बाहेरचा थर फिकट असतो, आणि चांगला कारागीर हे दोन रंग मूर्तीच्या अंगावर कुठे येतील याचा आधी विचार करतो. फणस, साग आणि चाफ्याचे लाकूडही वापरतात.

काळसर रेघांचे आबनूस बालीत होत नाही, ते सुलावेसी बेटाकडून येते, चंदन तिमोरकडून. दोन्ही महाग आहेत, म्हणून फसवणूक त्यांच्याच नावाने होते. साध्या लाकडाला काळा रंग देऊन आबनूस म्हणणे आणि चंदनाचे तेल चोळून चंदन म्हणणे, हे दोन्ही प्रकार बाजारात चालतात. मूर्ती उलटी करून तळ पाहावा. तिथे रंग वरवरचा आहे का, रेघा आरपार गेल्या आहेत का, हे दिसते. खरे आबनूस हाताला चांगलेच जड लागते. चंदनाचा वास वरच्या भागाला येतो आणि तळाच्या कापलेल्या बाजूला येत नाही, असे असेल तर तो वास नंतर लावलेला आहे. मुख्य म्हणजे, महागड्या लाकडातील सुमार कामापेक्षा तिरफळाच्या लाकडातील उत्तम काम निवडावे.

प्रश्न : घासाघीस किती करावी? (एक वाचक, ठाणे)

सुकावतीच्या बाजारात घासाघीस ही रीतच आहे, तेथे संकोच नको. कारागिराच्या घरी मात्र ती वेगळ्या पद्धतीने व्हावी. एखाद्या मूर्तीवर किती दिवस गेले, कोणते लाकूड आहे, आराखडा त्याचा स्वतःचा आहे की ठोक मागणीतला, हे विचारावे. किंमत त्या उत्तरांतून समजू लागते. मग एकदा विनयाने कमी होते का ते विचारावे, आणि दुसऱ्या उत्तरावर थांबावे.

एक गोष्ट प्रवाशांना ठाऊक असायला हवी. गाडीचालक किंवा मार्गदर्शक आपणास ज्या मोठ्या दालनात नेतात तिथे झालेल्या विक्रीतील लक्षणीय वाटा पुष्कळदा त्यांना मिळतो, आणि तो किमतीत आधीच मिळवलेला असतो. आपण घासाघीस करून जे वाचवले असे वाटते ते बहुधा कोरणाऱ्याच्या मजुरीतून जाते, कारण तो नगावर काम करतो आणि साखळीत त्याचाच आवाज सर्वांत बारीक असतो. म्हणून संग्रहालय पाहून झाल्यावर मुख्य रस्ता सोडावा आणि गावातील आतल्या गल्ल्यांमध्ये पायी फिरावे. लाकूड ठोकल्याचा आवाज येईल त्या घराच्या दारात थांबून 'ओम स्वस्त्यस्तु' म्हटले की बहुतेक ठिकाणी आत बोलावतात.

प्रश्न : वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त विठ्ठलाची लाकडी मूर्ती मासमधून करून आणावी असे मनात आहे. ते करून देतील का? (एक वाचक, सोलापूर)

करून देतील. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून घेतलेली स्पष्ट छायाचित्रे, हव्या त्या उंचीचे माप आणि लाकडाची निवड लेखी द्यावी, काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि काम पूर्ण व्हायला काही आठवडे लागतील हे गृहीत धरावे. ढोबळ आकार झाल्यावर छायाचित्र मागवून मान्यता द्यावी, कारण कटेवरच्या हातांचे प्रमाण त्याच टप्प्यावर ठरते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

तरीही आपण विचारले आहे म्हणून मनातले लिहितो. पांडुरंगाची मूर्ती कोरणारे हात आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि ज्याने विटेवरचे ते उभे राहणे लहानपणापासून पाहिले आहे त्याच्या हातून ते जसे उतरेल तसे छायाचित्रावरून उतरणार नाही. मासच्या कारागिराच्या हाडीमासी भिनलेले आहेत ते गरुडावर आरूढ विष्णू, भाताची देवी देवी श्री, सरस्वती, गणेश, आणि राम, सीता, हनुमान. हे सगळे देव आपल्याही ओळखीचे आहेत, पण त्यांचा मुकुट, डोळ्यांचा आकार, पंखांची नक्षी पूर्णपणे बालीची आहे. वडिलांना बालीच्या हाताने कोरलेला गरुडारूढ विष्णू दिला तर मला ती भेट अधिक मोलाची वाटेल. निर्णय अर्थात आपला.

प्रश्न : मुखवटा विकत घेऊन दिवाणखान्यात लावणे हा तिथल्या श्रद्धेचा अपमान होतो का? (एक वाचक भगिनी, पणजी)

विक्रीसाठी केलेला मुखवटा घेण्यात अपमान नाही. बालीच्या समजुतीत मुखवट्याचे पावित्र्य त्याच्या आकारात नसून त्यावर झालेल्या संस्कारात आहे. मंदिरासाठी बारोंग (गावाचे रक्षण करणारा सिंहासारखा प्राणी) किंवा रांगदा (चेटकिणींची राणी) यांचा मुखवटा करायचा असेल तर शुभ दिवस पाहून, झाडाची पूजा करून आणि परवानगी मागून पुलेच्या जिवंत झाडाचा एक तुकडा काढून घेतात. झाड पाडत नाहीत. मुखवटा तयार झाल्यावर त्यात शक्तीचे आवाहन करणारा विधी होतो, आणि तिथून पुढे तो देव म्हणूनच मंदिरात राहतो. जुन्या पद्धतीने रंगवताना पांढऱ्या रंगासाठी हाड जाळून केलेली भुकटी, लाल रंगासाठी चिनी हिंगूळ आणि काळ्यासाठी काजळी घोटतात, ती सरसात कालवतात आणि एकावर एक कित्येक पातळ थर चढवतात. त्यामुळे जवळून पाहिले तर रंग त्वचेसारखा खोलवर मुरलेला दिसतो. दुकानातल्या बहुतेक मुखवट्यांवर ॲक्रिलिक रंग असतो. त्यात वाईट काही नाही, पण किंमत त्यानुसार असावी.

'तोपेंग' या मुखवटानाट्यातील थकलेल्या वृद्धाचा चेहरा, शांत राजाचा चेहरा किंवा 'बोंद्रेस' म्हणजे विनोदी गावकऱ्यांचे चेहरे घरात लावायला चांगले. विधीच्या शेवटी येणारा सिदाकार्य आणि रांगदा हे मात्र शोभेसाठी घेऊ नयेत, असे मला वाटते. कोणी 'मंदिरातला जुना मुखवटा' म्हणून काही देऊ केले तर हात जोडून बाहेर पडावे. तो नकली असेल तर धुराने आणि मातीने म्हातारा केलेला असतो. खरा असेल तर तो कोणत्या तरी गावाचा देव आहे, आणि सांस्कृतिक वारशाच्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास इंडोनेशियाच्या २०१० च्या कायद्याने बंदी आहे.

मुखवट्यांत विशेष रस असेल तर मासजवळचे सेतिया दार्मा हे मुखवटे आणि बाहुल्यांचे संग्रहालय पाहावे. जुन्या लाकडी घरांमध्ये मांडलेल्या तिथल्या हजारो वस्तूंसाठी दोन-तीन तास हाताशी ठेवावेत.

प्रश्न : कोणत्या दिवसांत जावे? (एक वाचक, अमरावती)

पाऊस टाळायचा असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर. पण कारागिरांच्या गावाला जाताना हवेपेक्षा तिथले पंचांग महत्त्वाचे आहे.

बालीत दोन कालगणना एकत्र चालतात. एक आपल्याच ओळखीची शक गणना आहे, आणि तिचे वर्ष 'न्येपी' या मौनाच्या दिवशी सुरू होते. हा दिवस पुष्कळदा आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२३ आणि २०२६ या वर्षी तर दोन्ही एकाच दिवशी आले. त्या दिवशी विमानतळासह सारे बेट चोवीस तास बंद असते, पर्यटकालाही हॉटेलबाहेर पडता येत नाही, त्यामुळे तो दिवस धरून गावभेटीचा बेत आखू नये. दुसरी गणना २१० दिवसांच्या चक्राची. गलुंगन आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा कुनिंगन हे त्यातले मोठे सण. २०२६ मध्ये ते १७ आणि २७ जूनला, आणि त्यापुढे १३ आणि २३ जानेवारी २०२७ ला येतात. गलुंगनच्या दोन-तीन दिवसांत बहुतेक कार्यशाळा बंद असतात. कुनिंगनला मात्र मासच्या पुरा तामान पुले मंदिराचा उत्सव असतो, आणि तिथे रामायणावर आधारलेले 'वायांग वोंग' हे मुखवटानाट्य गावातलेच लोक करतात. युनेस्कोने २०१५ मध्ये वारसा म्हणून नोंदलेल्या बालीच्या नृत्यनाट्यांत वायांग वोंगचा समावेश आहे. ज्या गावात मुखवटे कोरले जातात त्याच गावाच्या मंदिरात ते नाचताना पाहणे, याहून चांगला दिवस मला सुचत नाही.

आणखी एक दिवस लक्षात ठेवावा. तुंपेक लांदेप या शनिवारी लोखंडी शस्त्रे आणि हत्यारे पूजतात. काष्ठशिल्पी पटाश्या स्वच्छ करून त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवतात. आपण दसऱ्याच्या दिवसांत पाटीवर सरस्वती काढून पुस्तके पूजतो आणि हत्यारेही पूजतो. बालीत सरस्वतीचा दिवस आणि हत्यारांचा दिवस यांत नेमके चौदा दिवसांचे अंतर असते.

प्रश्न : कार्यशाळेत आणि मंदिरात वागण्याचे काही नियम आहेत का? (एक वाचक भगिनी, बेळगाव)

मंदिरात कमरेला सारोंग आणि त्यावर कमरपट्टा हवा. दारात तो बहुधा मिळतो. मासिक पाळीत प्रवेश नसल्याच्या पाट्या बहुतेक मंदिरांवर असतात. जमिनीवर, उंबऱ्यावर, दुकानासमोर ठेवलेल्या फुलांच्या लहान द्रोणांवर पाय पडू देऊ नये. वस्तू आणि पैसे उजव्या हाताने द्यावेत. कारागिराचे छायाचित्र विचारून काढावे, आणि पटाशी चालू असताना त्याला मान वर करायला सांगू नये. परदेशी प्रवाशांना बेटावर येताना दीड लाख रुपियाचा कर भरावा लागतो. तो १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे आणि निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतो.

प्रश्न : मासखेरीज आणखी एकच गाव पाहायचे असेल तर कोणते? (एक वाचक, पुणे)

पूर्वेकडचे तेंगानान पेग्रिंगसिंगान. पाटणच्या पटोळ्याप्रमाणे ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवण्याची पद्धत इंडोनेशियात फक्त या गावात आहे, आणि 'ग्रिंगसिंग' नावाचे एक वस्त्र पूर्ण व्हायला काही वर्षे लागू शकतात. उबुदहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, म्हणून ते मासच्या दिवसाला जोडू नये.

प्रश्न : मागे आणलेली मूर्ती नागपूरच्या उन्हाळ्यात तडकली. असे होऊ नये म्हणून काय करावे? मोठी मूर्ती बोटीने मागवता येते का? (एक वाचक, नागपूर)

बालीची हवा बारमाही दमट असते. तिथे कोरलेल्या लाकडात ओलावा असतो, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो झपाट्याने बाहेर पडला की बाहेरचा थर आकसतो, आतला आकसत नाही, आणि लाकूड फाटते. जाड, भरीव मूर्तीला हा धोका सर्वाधिक; मुखवटा आतून पोकळ असल्याने त्याला कमी. म्हणून खरेदी करताना लाकूड किती काळ वाळवले आहे हे विचारावे, आणि कोरडेपणाचा भरवसा नसेल तर लहान आकाराची वस्तू घ्यावी. शक्यतो पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच मूर्ती घरी आणावी, पहिले काही आठवडे कागदात सैल गुंडाळून ठेवावी, म्हणजे ओलावा सावकाश उतरतो. थेट ऊन, कूलर, वातानुकूलन यंत्राचा झोत यांपासून ती दूर असावी. वर्षातून एक-दोनदा मधमाश्यांचे मेण मऊ फडक्याने पातळ चोळावे. रंगवलेल्या मुखवट्याला मात्र काहीही लावू नये, कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे. मूर्तीखाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर आत कीड आहे असे समजून ती लगेच इतर लाकडी वस्तूंपासून वेगळी करावी. ही कीड पर्जन्यवृक्षाच्या फिकट भागात विशेष लागते.

बोटीने मागवता येते, आणि मासमधील मोठ्या कार्यशाळांना त्याची सवय आहे. खोक्याचे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असून त्यावर तसा आंतरराष्ट्रीय शिक्का असल्याची खात्री रवाना होण्यापूर्वी छायाचित्र मागवून करावी, कारण शिक्का नसलेले खोके भारतीय बंदरात अडकून पडू शकते. वाहतुकीचा विमा मूर्तीच्या पूर्ण किमतीचा घ्यावा, आणि पावतीवर लाकडाचे नाव, उंची आणि कारागिराचे नाव लिहून घ्यावे.